पेंढा ठेवलेलं शेत

सव्वीस वर्षं मी कोरियातल्या चोरवॉनच्या क्रौंचांवर माहितीपट केले. शेवटच्यात कू बोंग-छुल आजोबा होते. कापणी झाली की ते पेंढा शेतातच ठेवायचे, पाखरांना त्यातले दाणे मिळावेत म्हणून. लोक बघून रडले. मला पुरस्कार मिळाला.

या थंडीत मी पुन्हा तिथे गेले, तर शेताच्या जागी कॅफे. आजोबा वाहनतळावर शिट्टी वाजवत गाड्या लावून देत होते.

"विकलंत?"

"पोरांनी विकलं. तुमची फिल्म बघूनच गिऱ्हाईक आलं, दिग्दर्शिकाबाई. माझ्यावर कशाला डोळे वटारता? आत जा, भिंतीवर दिवसभर तीच चालू असते."

क्रौंचांची मीच टिपलेली साद कर्ण्यावरून वाहनतळभर घुमत होती.

"आणि पक्षी?"

"येतात की. ती साद ऐकून येतात. डांबरावर दोन घिरट्या घालतात नि जातात."

"मग बंद करा ना ते!"

"मालक करू देईल होय? माणसं त्या घिरट्या बघायलाच तर येतात."

तेवढ्यात क्रौंचांची एक जोडी आली. कॉफीचे पेले ठेवून सगळे बाहेर धावले.

मी कॅमेरा लावला. मला दुसरं काही येतच नाही.