फोटोतला टॉमस

"टॉमस बेल्टन!"

पाद्र्यांनी नाव वाचलं आणि शरयूताई ताडकन उभ्याच राहिल्या. पंच्याण्णव वर्षांपूर्वी कराचीला निघालेलं, वायूच्या फुग्यावर तरंगणारं अवाढव्य हवाई जहाज वाटेत कोसळून जळालं, त्यातल्या मृतांचं स्मरण इंग्लंडमधल्या या चर्चमध्ये चाललं होतं. कराचीत ते जहाज बांधून ठेवायचा मनोरा उभारणाऱ्या त्यांच्या आजोबांनी, त्या कामासाठी तिथे आलेल्या गोऱ्या मित्रासोबत काढलेल्या फोटोमागे हेच नाव होतं!

प्रार्थना संपेपर्यंत त्यांना धीर निघेना. "बेल्टनसाहेबांचं कुणी आहे का?"

"मी मुलगी," पुढच्या बाकावरची वृद्धा म्हणाली. "ते गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते."

शरयूताईंनी फोटो पुढे केला. दोघं मित्र पोट धरून हसत होते.

"आमच्या फोटोंत बाबा कायम गंभीर!" वृद्धेनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि तीही खळखळून हसली. "अहो, दातांतली ही फट! अगदी माझीच!"