उंबरठा नसलेली खोली

“खोलीला उंबरठा आहे का, तेवढं विचारा,” सुतार म्हणाला.

सहलवाल्याने फोनवर हात ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. टेबलावर डोंगराळ देशातल्या हॉटेलांची सात माहितीपत्रकं होती. त्यातली पाच एकेक करून पालथी पडली होती. कुठे बाथरूमचं दार अरुंद होतं, कुठे लिफ्ट नव्हती, आणि एका ठिकाणी सगळं मनासारखं असून बाहेरची वाट खडीची होती.

“उंबरठा?”

“हो. असला तर किती उंच? पाऊण इंचापर्यंत चालेल.”

सुताराची बायको शेजारी बसून वहीत लिहून घेत होती. शाळेच्या ऑफिसात एकवीस वर्षं काढल्यामुळे रकाने आखल्याशिवाय तिला काही लिहिताच येत नसे. लिफ्ट, दार, पायऱ्या, औषधाचं दुकान. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं. डोळे मात्र मिटायला आले होते. तिची रजा मंजूर होऊन आठवडा झाला होता. सुताराने ‘दुकान आठ दिवस बंद’ अशी पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. अकरा वर्षांत दोघं मिळून कुठे गेलीच नव्हती. लग्नकार्य असलं तरी एकाने जायचं आणि एकाने घरी थांबायचं. आता विमानात दोनच जागा उरल्या होत्या, आणि त्या संध्याकाळपर्यंतच धरून ठेवता येतील, असं सहलवाल्याने बजावलं होतं.

त्याने फोन ठेवला. “उंबरठा आहे. दोन इंच.”

“मग नको,” दोघं एकदम म्हणाली.

सहावं पत्रकही पालथं पडलं. सहलवाला सर्दीने हैराण झाला होता. त्याने रुमालाने नाक पुसलं आणि हात टेकले.

“राग मानू नका वहिनी, पण तुम्हाला डोंगर पाहिजेत आणि पायऱ्या नकोत. समुद्रावर का जात नाही? तिथे सगळं सपाट असतं.”

“डोंगरच बघायचेत,” ती म्हणाली. “खिडकीतून दिसले तरी चालतील.”

“मग हे शेवटचं. पण हे तुम्हाला चालायचं नाहीच.” त्याने सातवं पत्रक नुसतं लांबून दाखवलं. “रस्त्यापासून वर दोनशे पायऱ्या. लिफ्ट नाही. जुनं घर आहे, उंबरठे तर दारोदारी.”

उतारावर एक पांढरं घर होतं. आतल्या खोलीचाही फोटो होता. खिडकी, खिडकीत डोंगर, आणि खाली पलंगावर जाडजूड रजई. ती डोंगराकडे न बघता रजईकडेच बघत राहिली.

सहलवाल्याने अर्ज पुढे ओढला. “बरं, आधी तिकिटांचं उरकू. पासपोर्ट द्या. तिसरा पण आणलाय ना?”

“तिसरा कुणाचा?” सुताराने विचारलं.

“म्हणजे बरोबर कुणीतरी म्हातारं माणूस असणार ना? मघापासून दाराची रुंदी काय, उंबरठा काय. विमानतळावर व्हीलचेअर मिळते, फक्त आधी सांगावं लागतं. पण मी जागा दोनच धरल्यात. तेव्हाच सांगायचंत.”

“आम्ही दोघंच आहोत.”

“मग खुर्ची कुणाला?”

सुताराच्या हातात टेप होती. बोलता बोलता ती त्याने सत्तावीस इंचांवर ओढून अडकवून ठेवली होती. बटण दाबलं गेलं आणि टेप सर्रकन आत गेली.

“आईला,” तो म्हणाला. “म्हणजे, आई गेली. तीन महिने झाले.”

सहलवाल्याने रुमालाची घडी घालून ती खिशात ठेवली. “पाणी देऊ का?” त्याने विचारलं. कुणाला पाणी नको होतं.

तिने वहीकडे पाहिलं. चार रकाने, सहा ओळी, एकही जागा रिकामी नाही. तिला रडू आलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा रडून झालं होतं. आता फक्त बसल्या जागेवरून उठणंही जिवावर आलं होतं.

“त्या शेवटच्या घरी,” तिने विचारलं, “नाश्ता किती वाजता असतो?”

“दहापर्यंत मिळतो.”

“दहा.” तिने तो आकडा सावकाश उच्चारला. “म्हणजे तोवर झोपलं तर चालतं? कुणी उठवत नाही?”

“कोण उठवणार, वहिनी?”

तिने वही मिटली. “तेच द्या.”

“अगं, दोनशे पायऱ्या आहेत,” सुतार म्हणाला. “तुझे गुडघे?”

“बसत बसत चढीन. कुणाला उचलून थोडंच न्यायचंय?”

पासपोर्ट देऊन झाले, अर्जावर सह्या झाल्या. सहलवाल्याने पत्रक तिच्या हातात दिलं आणि डोंगरात थंडी असते, लोकरीचं काही घ्या, असं दोनदा सांगितलं.

निघताना सुताराने काचेचं दार पाठीने ढकललं आणि खाली टाच लावून ते पुरतं उघडं धरलं. ती आधी बाहेर गेली, उलट्या पावलांनी, तोंड आतल्या बाजूला करून. दाराखालची पट्टी ओलांडली आणि सवयीने किंचित वाकली, खुर्चीची पुढची चाकं उचलायला.

दोघं तशीच उभी राहिली. तो दार धरून आणि ती हात पुढे करून.

“सोडा दार,” आतून सहलवाला म्हणाला. “ते आपोआप लागतं.”