मनगटावरची बोटं

"मारलं का?" मल्हारी हवालदारांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाय."

"शिवीगाळ? धमकी?"

"नाय वो, दादा. ताई, ताई म्हनत व्हता. मूठ उघडली माझी. एकेक बोट करून."

मल्हारींनी पेन खाली ठेवलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी फुटलेली डोकी पाहिली होती, कोयत्याचे वार पाहिले होते. मूठ उघडल्याची तक्रार घेऊन नाशिकच्या पोलीस चौकीत आलेली म्हातारी मात्र पहिलीच.

कुसाबाई काल धाकट्या भावाकडे, सोमनाथकडे, भाऊबीजेला गेली होती. तिने ओवाळलं. ताटात साडी पडली आणि साडीच्या घडीवर कागद. बापाच्या वणीतल्या जमिनीतून माझं नाव काढायला माझी संमती आहे, असा. दरवर्षी ती हसून टाळायची. नवऱ्यामागे तेवढीच जमीन तिची होती, दुसरा आसरा नव्हता. काल तिने मूठ आवळली. सोमनाथने ती सोडवली, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, शाईने भरलेल्या बोटांनीच मनगट पकडून कागदावर टेकवला. सोमवारी तो कागद तलाठ्याकडे जाणार होता.

तिने पदर बाजूला केला. सुरकुतल्या मनगटावर चार निळी बोटं उमटली होती.

"त्याची हायेत. कालपास्नं पानी लागू दिलं नाय."

संगणकावर बसलेली शिपाई पूजा उठून आली. "काका, हा फौजदारीपात्र बलप्रयोग होतो. मारायलाच हवं असं नाही. मर्जी नसताना, नुकसान करायला नुसता हात धरून हलवला तरी कलम लागतं. फोटो काढू का?"

"शाईला जखम कधीपासून म्हणायला लागलो आपण?" मल्हारी हसले. ही नवी पोरं कलमं पाठ करून येतात आणि माणसांचे संसार मोडतात, असं त्यांचं ठाम मत होतं. बंदोबस्तामुळे त्यांची स्वतःची भाऊबीज काल राहिली होती. बहीण जेवायची थांबली होती.

पूजा फोटो न काढताच जागेवर जाऊन बसली.

मल्हारींनी दोन ओळी लिहिल्या. भावाला समज द्यावी. माझी काही तक्रार नाही. भावाबहिणीचं नातं वाचवलं, असंच त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी कागद पुढे सरकवला, सकाळीच ताजी शाई घातलेलं पॅड उघडलं.

"काय लिव्हलं, दादा?"

"तुम्ही सांगितलंत तेच. करा अंगठा."

कुसाबाईने पूजाकडे पाहिलं. पूजाने मान वर केली नाही. म्हातारीने मूठ आवळली.

"आजी, आवरा आता. तुमच्या भल्याचंच आहे."

ते टेबलाला वळसा घालून आले. असे हजारो अंगठे त्यांनी घेतले होते. मूठ सोडवली, अंगठा पॅडवर दाबला, मनगट पकडून कागदावर टेकवला. पुरतं मिनिटही लागलं नाही.

कुसाबाईने हात हळूच सोडवून घेतला आणि ट्यूबलाइटखाली धरला. जुन्या निळ्या बोटांवर ताजी निळी बोटं बसली होती. सगळं एकात एक फासलं गेलं होतं.

"दादा," ती शांतपणे म्हणाली, "ह्यातली भावाची कोनती आन् तुमची कोनती, तेवढं लिहा."