कानातला नंबर

कुत्र्यांच्या बंद पडलेल्या वार्षिक शर्यतीचा इतिहास लिहायला ग्रंथालयातली बेथन एकेकाळी शर्यतीचे कुत्रे पाळणाऱ्या म्हाताऱ्या विल्फकडे आली, तेव्हा तिच्यासोबत तिने सांभाळायला घेतलेली ग्रेहाउंड कुत्री होती. विल्फने सवयीने कुत्रीचा कान उलटून आत गोंदलेला नंबर वाचला; शर्यतीचा कुत्रा आणि त्याचा मालक त्यावरून ओळखता येतो.

"कप जिंकणारी तुमची डचेस म्हातारपणी कुठे होती, काका?"

"वेल्समध्ये, एका शेतावर." हे उत्तर त्याला तीस वर्षं पाठ होतं.

"मग नंबरावरून तिचा माग लागेल की. कानातला नंबर मेल्यावरही पुसला जात नाही म्हणतात."

कुत्रीने त्याच्या मांडीवर मान टाकली. विल्फने कानावरचा हात काढून घेतला.

"नाही पुसला जात, पोरी," तो खाली बघत म्हणाला. "म्हणून गोळी घातली, की पुरायच्या आधी कान कापून घ्यायचे. डचेसचे मीच कापले."