ठसका

"बस खाली. उगवतीकडं तोंड कर," वीरण्णा म्हणाला.

"अप्पा, रिक्षा थांबलीय. गेट बंद झाल्यावर आत घेत न्हाईत."

"लगेच होतंय."

शिवकन्या बसली. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा आज होती. आई गेल्यापासून क्लासात पेपर समोर आला की तिचं येत असलेलंही सुटायचं. लातुरातली ही भाड्याची खोली खाली राहणाऱ्या शकिलाबीची. ती काल म्हणाली होती, "पोरीला नजर लागली भाऊ. उतरवून टाका."

औशाच्या घरी हे काम बायकोचं, महादेवीचं होतं. वीरण्णानं कधी केलं नव्हतं. मीठ होतं, मोहरी होती; वाळल्या लाल मिरच्या नव्हत्या. खिडकीत महादेवीनं लावलेली कुंडी होती, औशाहून बसमध्ये मांडीवर ठेवून आणलेली. तिला पिवळ्या मिरच्या लागलेल्या. मोडली की लिंबाचा वास, चावली की जाळ. लोक दारावर लिंबू-मिरची टांगतात, इथं तर दोन्ही एकातच आहे, असं मनाशी म्हणत त्यानं मूठभर तोडल्या.

मूठ तिच्यावरून उतरवताना तो अडला. "तुझी आई काय म्हणायची गं?"

"तोंडातल्या तोंडात म्हणायची. मला न्हाई कधी ऐकू आलं."

तो नुसतेच ओठ हलवत राहिला. मग मूठ तापल्या तव्यावर उपडी केली. मोहरी तडतडली. मिरच्या फुगल्या. खोलीभर लिंबाचा वास सुटला.

"लोणचं घालायलाव का अप्पा?"

वीरण्णा हसला नाही. ठसका आला नाही तर दृष्ट कडक, असं महादेवी सांगायची. त्यानं तव्यावर वाकून वास ओढला. काही नाही. गॅस मोठा केला, परत वाकला.

"उतरंना," तो पुटपुटला. "लई कडक लागलीय."

"ओल्या मिरच्या हायत त्या. त्यांचा कुठला ठसका?"

"तुझ्या आईनं तव्यावर टाकायचा अवकाश, सगळी आळी खोकायची."

खालून हॉर्न वाजला. शिवकन्येनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. मग ओढणी नाकाला लावून ती खोकली.

"आला?"

"आला की." ती पुन्हा खोकली. "चला आता."

वीरण्णानं श्वास सोडला. "तू हो पुढं. गॅस बंद करून आलोच."

ती जिना उतरू लागली. वळणावर खोकली. खाली शकिलाबीच्या दाराशी परत एकदा, वरपर्यंत ऐकू जाईल अशी.