पत्र्याची आतली बाजू

एमरिस बेलिसने पिशवीतून पत्रा काढला आणि बायकोच्या, ओल्वेनच्या, पांघरुणावर उभा धरला. चहाच्या ट्रेएवढा तुकडा होता. बाहेरून पांढरा, आतून हिरवट, मधून रिव्हेटच्या, पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, दोन सरळ ओळी. हाताला लागू नयेत म्हणून कडांना त्याने घरूनच चिकटपट्टी लावून आणली होती.

"हे काय आणलंत?" कॅरिसने विचारलं. वृद्धाश्रमाच्या या मजल्यावरची ती नर्स.

"विमान."

"एवढंसं?"

"बाकीचं भंगारात गेलं. नऊ वर्षं शेतात उभं होतं, शेपटीत पक्ष्यांनी घरटी केलेली. तोडणारा म्हणाला, आजोबा, आठवण म्हणून खुर्ची घेऊन जा, चामड्याची आहे. मी म्हटलं, खुर्चीशी माझा काय संबंध? शेपटीचा पोटाकडचा पत्रा काप."

ओल्वेनचे डोळे उघडे होते, पण ती छताकडे पाहत होती. पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्याला तीन आठवडे झाले होते. वाचा गेली, उजवी बाजू गेली, आता पाणीही गिळता येत नव्हतं. डावा हात तेवढा हलायचा. इस्पितळात नेऊन नाकातून नळी घालायची, की इथेच ठेवून तिला शांतपणे जाऊ द्यायचं, हे आज ठरायचं होतं. तिला स्वतःला काय हवं असतं ते तुम्हालाच ठाऊक, असं डॉक्टर सोमवारी म्हणाले होते. चार वाजता ते उत्तर घ्यायला येणार होते.

आता साडेतीन झाले होते.

"यांनी बनवलेलं?" कॅरिसने पत्र्यावरून बोट फिरवलं.

"आम्ही दोघांनी. ब्रॉटनच्या विमान कारखान्यात, अडुसष्ट साली. साहेबलोकांचं जेट. आम्हाला वाटायचं, पन्नासएक खपतील आणि आम्ही घरी बसू. हजारावर गेली. नंतर सगळं काम अमेरिकेला नेलं, आता तिथेही बंद." त्याने पत्रा सरळ केला. "शेपटीत मी मावायचो नाही. ही काडी. ही आत शिरायची, लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या मागे दाबून धरायची. मी बाहेरून रिव्हेटच्या बंदुकीने ठोकायचो. बावीस वर्षं."

"बावीस वर्षं मधे पत्रा? म्हणून टिकलं तुमचं लग्न."

"ते खरंय, पोरी."

"पण एकमेकांना दिसत नाही, वर तो आवाज. बोलायचात कसे?"

"ही आतून वाजवायची. एकदा, अजून ठोक. दोनदा, बसला. तीनदा, बिघडला, काढून टाक."

"आणि तुम्ही?"

"बाहेरच्याने वाजवायचं नसतं. बाहेरच्याने ऐकायचं. मागची बाजू तिला दिसते, मला थोडीच दिसते? तीन आले की रिव्हेट काढायचा. वाद नाही. एकदा फोरमन डोक्यावर उभा, विमान दुपारी बाहेर काढायचं, आणि ही तीन देतेय. मी दुसरा बसवला. पुन्हा तीन. फोरमन ओरडला, ओल्वेन, एक सोडून दे, कोण बघतंय? ही आतून म्हणाली, मी बघतेय." तो हसला. "घरीही तेच. बटाटे कच्चे राहिले की ताटावर तीनदा चमचा. मी मुकाट्याने परत उकडायला ठेवायचो."

कॅरिस हसली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं.

एमरिसने खुर्ची पुढे ओढली. ओल्वेनचा डावा हात उचलून त्याने पत्र्याच्या हिरवट बाजूला टेकवला आणि आपण पांढऱ्या बाजूला बसला. आता त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"ओल्वेन, मी एमरिस. बाहेर आहे. डॉक्टर येतायत. नळी घालायची का विचारतात. त्यांना काय सांगू?"

काहीच झालं नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

"मिस्टर बेलिस," कॅरिस हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांना कळत असेलच असं नाही. मनाला लावून घेऊ नका."

"थांब जरा."

पत्र्यावर नख घासल्याचा आवाज आला. मग बोटाच्या सांध्याने एक ठोका. दुसरा ठोका आला. त्याच अंतराने, जसा यायचा तसा.

"दोन," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "बसला म्हणते, नळी घाला म्हणते. ऐकलंस ना? दोन."

तिसरा ठोका आला.

मग हात खाली घसरून पांघरुणावर पडला.

कॅरिसला ओल्वेनचा चेहरा दिसत होता. एमरिसने विचारलं नाही. बाहेर खडीवर गाडी थांबली, दार लागलं.

"डॉक्टर आले वाटतं," कॅरिस म्हणाली. "मी त्यांना पाच मिनिटं बसवते."

एमरिसने मान हलवली. ती गेल्यावर त्याने पत्रा जरा घट्ट धरला. मग बोट वाकवून, बाहेरच्या बाजूने, एकदाच वाजवलं. आणि पत्र्याला कान लावून बसला.