वरच्या ओढ्याची वाट

"हात पुढे करा, दाजी," बेडूकबाई म्हणाल्या. "कोरड्या हाताने शिवायचं नाही. कितीदा सांगायचं?"

दाजींनी निमूटपणे दोन्ही हात पुढे केले. बाईंनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि आतला ओला काळा गाळ मेहुण्याच्या तळव्यांना, मनगटांना चोळला. मग स्वतःच्या हातांना. माणसाच्या घामाने बेडकाची कातडी पोळते, तेव्हा आधी गाळाचे हात करायचे, ही त्यांच्या गुरूंची शिकवण. इतर लोक बेडूक पकडत. बाई त्याला भेटायला जात.

"लग्न झाल्यापासून तुझी बहीण मला हात धुवायला लावतेय," दाजी म्हणाले, "आणि तू मळवतेस. एका आईच्या पोटच्या म्हणून कोण सांगेल!"

एरवी बाईंनी याला सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज त्या हसल्याही नाहीत. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

या डोंगरात अंगठ्याएवढा एक बेडूक होता. पोट पिवळं, डोळे तोंडाच्या मानाने अंमळ मोठेच, आणि आवाज लाकडावर नखाने टकटक करावी तसा. जगात दुसरीकडे कुठेच नाही. बाईंनी उभा जन्म त्याच्यामागे घालवला. लोक हसले, 'बेडूकबाई' असं नाव ठेवलं, आणि ते नाव बाईंनी पदवीसारखं मिरवलं. दाजी वनखात्यात नोकरी केलेले, डोंगराची खडान्‌खडा माहिती असलेले. त्यांनी वाट दाखवायची आणि बाईंनी बेडूक, असा दोघांचा जुना करार होता.

मग पहिला ओढा मुका झाला. बेडूक सगळ्यांत जास्त तिथेच. बाईंचा डबाही तिथेच भरायचा, कारण तिथला गाळ लोण्यासारखा मऊ. पाण्यावर उताणी पडलेली ती पिवळी पोटं बाईंनी एकेक करून ओंजळीत गोळा केली. पण रडत बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोंगर ओलांडून दुसरा ओढा गाठला. तिथे सगळं आलबेल होतं. एकेक बेडूक तळहातावर घेऊन, पोट पाहून, पाय ताणून त्यांनी खात्री केली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या खेपेला तिथे शुकशुकाट होता. मग तिसरा ओढा. मग त्याच्या पलीकडचा. बाई कितीही धावल्या तरी त्यांना उशीरच व्हायचा.

दोष कुणाचा, हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. खाली फळबागा होत्या आणि बागवाले फवारणीत हात आखडत नसत. बाई त्यांच्या दारात जाऊन भांडल्या.

"आमच्या बागेतले बेडूक तर ठणठणीत आहेत," एकजण म्हणाला.

"चोराच्या उलट्या बोंबा," बाई म्हणाल्या आणि तरातरा निघून आल्या.

मेलेले बेडूक त्यांनी डब्यातल्याच ओल्या गाळात घालून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथला डॉक्टर त्यांचा जुना विद्यार्थी. विष निघालं की बागवाल्यांना कोर्टात खेचायचं, हा निश्चय. पण त्याने मेलेले थोडेच परत येणार होते?

आता उरला होता फक्त वरचा ओढा. दरड कोसळून त्याची वाट बुजली होती आणि कैक वर्षांत तिथे माणसाचं पाऊल पडलं नव्हतं. दाजींनी दुखऱ्या गुडघ्यांनिशी, झुडपं तोडत, दगड सारत नवी वाट काढली होती. "बेडकांपायी माझ्या नवऱ्याला पांगळा करून ठेवशील," असं ताईने बाईंना ऐकवलंही होतं.

दोघं घळीत उतरली. पाणी वाहत होतं, बाकी काही नाही. बाईंनी डोळे मिटले. इथेही नसेल तर संपलं, मग घरी जाऊन करायचं तरी काय, हे त्यांना खरंच सुचत नव्हतं.

टक.

मग टक-टक. मग समोरच्या दगडाखालून, मागच्या शेवाळातून, वरच्या डोहातून, सगळीकडून.

"दाजी!" बाईंनी त्यांचा दंड धरला. दाजी तर पाण्यात नाचायच्या बेतात होते. "मी वरचे डोह बघतो, तू खालचे बघ," म्हणत ते गुडघे विसरून वर चढले.

बाई गुडघाभर पाण्यात शिरल्या. हातात घेतलेला पहिला बेडूक उडी न मारता तळहातावर बसून राहिला. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. दुसऱ्या हाताने त्यांनी डॉक्टरला फोन लावला.

"ऐक रे, ऐक! वरचा ओढा बोलतोय!"

डॉक्टरने ऐकलं. पण तो आनंदला नाही.

"बाई, मी तुम्हाला फोन करणारच होतो. विष नाही निघालं. बुरशी आहे. बेडकाच्या कातडीत शिरते आणि जीव घेते. एक कोडं मात्र सुटत नाहीये. तुमचे ओढे एकमेकांना कुठे मिळतात का?"

"छे! मधे अख्खे डोंगर आहेत. का रे?"

"ही बुरशी कोरडी पडली की मरते. ओल्या गाळात मात्र तगून राहते. तुम्ही ज्या गाळात बेडूक घालून पाठवलेत ना, तो बुरशीने नुसता भरलाय. तो कुठल्या ओढ्यातला?"

बाईंनी तळहाताकडे पाहिलं.

"ऐकतेस का गं?" वरून दाजींची आनंदाने फुललेली हाक आली. "इथे तर जत्रा भरलीय! मी एकेकाला हातात घेऊन बघतोय, एकही सोडला नाही!"